आकडा मोठ्यानं बोलायचा

"जीप आली काय वं?"

"आली. पुलावर हाय. धुरळा उडून राह्यला," रुखमाबाई म्हणाली. "आता असे थरथरू नका. साहेब पाहीन."

निवृत्तीने दोन्ही हात धोतराला पुसले. वैशाखाचं ऊन डोक्यावर होतं.

रोहिणखेडच्या पलीकडे, तलावाच्या काठावर, तारेचं कुंपण घातलेला एक चौकोन होता. आत लाकडी फळ्यांवर जाळीने झाकलेली एक पांढरी रुंद परात. दिवसाकाठी तिच्यातलं किती पाणी ऊनवारा उडवून नेतो ते मोजायचं, ही निवृत्तीची अठरा वर्षांची नोकरी. परातीत मधोमध एक पितळी खिळा उभा होता. पाणी त्याच्या टोकाला टेकेपर्यंत मापाने ओतायचं आणि किती लागलं ते मिलिमीटरमध्ये वहीत मांडून खाली सही करायची.

अडीच वर्षांपूर्वी त्याला खिळ्याचं टोक दिसेनासं झालं. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला आणि गेलेली नजर परत येत नाही, हेही सांगितलं. तेव्हापासून त्याची चौथी शिकलेली बायको रुखमाबाई टोक बघायची, माप बघायची, आकडा मोठ्याने बोलायची आणि तो लिहायचा. वहीतला एकही आकडा खोटा नव्हता. खोटी होती ती फक्त सही.

नोकरीचे अकरा महिने उरले होते. हे उघडं पडलं तर नोकरी जाणार होतीच. पण त्याहून मोठी भीती, की साहेब वही फाडून टाकतील आणि अडीच वर्षांचं ऊन लबाडीत जमा होईल.

जीपमधून उतरलेले लक्ष्मीकांत साहेब पुण्याचे होते, आवाजावरून तिशीचे. पाणी पिऊन ते म्हणाले, "आज पावणेदोनला उपग्रह आपल्या डोक्यावरून जाईल. जमीन किती तापली ते तो वरून मोजतो. ओल असली की जमीन गार राहते, ओल उडाली की तापते. त्यावरून अख्ख्या जिल्ह्यातून किती पाणी उडालं त्याचा अंदाज काढायचा. पण तो अंदाज खरा की खोटा, ते तुमच्या या परातीवरून ठरणार, निवृत्तीराव."

"म्हंजे तो वरतून आमाले पाह्यते?" रुखमाबाईने पदर सावरला.

साहेब हसले. "माणसं दिसत नाहीत हो त्याला. फक्त ऊब कळते."

आपल्यासारखंच की, निवृत्तीच्या मनात आलं. पण हसू आलं नाही. रामनवमीच्या कीर्तनात बुवांनी चिपळ्या थांबवून मांडवाला विचारलं होतं, 'देव पाह्यते हे ठाऊक असून तुमाले झोप लागते. अन् पाटील पाह्यते म्हटलं का झोप उडते! काऊन बा?' सगळा मांडव हसला होता. मागे टाळ धरून उभा असलेला निवृत्ती तेवढा हसला नव्हता.

"चला, वेळ झाली," साहेब म्हणाले. "पत्रात लिहिल्याप्रमाणे काल याच वेळी पाणी टोकाला लावून ठेवलं होतंत ना?"

"हो साहेब."

रुखमाबाई कळशी घेऊन नेहमीसारखी फाटकातून आत निघाली.

"बाई, कळशी ठेवा आणि तुम्ही लिंबाच्या सावलीत बसा. नोंद त्यांची त्यांना घेऊ दे."

ती थांबली. तिच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या तसं निवृत्तीला कुंपणाच्या आत एकटं वाटलं. पांडुरंगा, म्हणत तो गुडघ्यांवर बसला. जाळी उचलली. डाव्या हाताची करंगळी खिळ्याच्या टोकावर धरली आणि उजव्या हाताने मोजून एकेक माप ओतू लागला. करंगळी ओली झाली की थांबायचं, एवढंच. पण हात कापत होता, त्या कापण्याने पाण्यावर लाटा उठत होत्या आणि करंगळी आधीच ओली झाली होती. पाण्याने की घामाने, तेही त्याला उमगेना. त्याने आणखी ओतलं. अंदाजाने थांबला.

"तेरा," तो म्हणाला.

साहेब वाकले.

"खिळा बुडालाय, निवृत्तीराव."

वहीची पानं उलटल्याचा आवाज आला. "तुमच्या ओळी अडीच वर्षांपासून उजवीकडे खाली घसरतात. पुण्याला येणाऱ्या पानांवर मी ते आधीच पाहिलं होतं. माझ्या वडिलांची पत्रं शेवटी शेवटी अशीच यायची." साहेबांचा आवाज चढला नव्हता. "कोण वाचतं?"

मागून बांगड्या धावत आल्या.

"मी वाचतो साहेब! जे बोलायचं ते मले बोला. यायले काई म्हणू नका. आकडा एकबी खोटा नाई, देवाशप्पत!"

साहेबांनी माप तिच्या हातात दिलं. ती बसली. थोडं थोडं पाणी मापाने परत काढत गेली, खिळ्याचं टोक दिसेपर्यंत. मग नेहमीच्या सुरात बोलली, "अकरा अन् चार."

साहेबांनी स्वतः वाकून पाहिलं. "अकरा पूर्णांक चार," ते म्हणाले आणि लिहिलं. "वही खरी आहे. तसं मी लिहून देतो. आमच्या कामात तीच धरली जाईल. पण सही…"

"समजलं साहेब."

निवृत्तीने कमरेची फाटकाची किल्ली सोडली आणि पुढे केली. साहेब उभे होते तिथून हातभर डावीकडे. साहेबांनीच हात तिकडे नेला.

बाईमाणसाला ते काम देता येईल का, हे साहेबांनी वर, खात्याला विचारलं. उत्तर आलं नाही. ज्येष्ठात मलकापूरकडचा सहदेव नावाचा माणूस आला. निवृत्तीने त्याला आठ दिवस काम शिकवलं.

"आकडा पह्यले मोठ्यानं बोलायचा, मंग लिवायचा."

"काऊन? ऐकणार कोन हाय इथं?"

"तशीच रीत हाय इथली."

नवव्या दिवशी सकाळी निवृत्ती आणि रुखमाबाई सरकारी खोली रिकामी करून निघाली. कुंपणापाशी निवृत्ती थांबला. वहाणा काढल्या आणि रात्रीच्या सरीने भिजलेल्या मातीवर पाय टेकवून उभा राहिला.

"किती?" रुखमाबाईने विचारलं.

"सात. लई झालं तं साडेसात."

"मोठे आले उपग्रह!" ती म्हणाली, पण पुढे सरकली नाही.

आत पाणी ओतल्याचा आवाज थांबला. मग सहदेव एकटाच, कुणी ऐकत नसल्यासारखा, मोठ्याने बोलला, "सात पूर्णांक तीन."

निवृत्तीच्या उजव्या हाताची बोटं धोतरावर आकडा लिहिल्यासारखी हलली. मग त्याने पायाने वहाणा चाचपल्या आणि घातल्या.