दहा पावलांचा नांगर

चुनकू सोरेनला यंदा उत्सवाच्या नांगराला बैल जुंपायचेच नव्हते. आठवड्यापूर्वी विद्यापीठाची नोटीस आली होती: संथाल पाड्यातली सतरा घरं अतिक्रमण आहेत, महिन्याभरात खाली करा. आणि वर निरोप, श्रावणातल्या नांगरणीच्या उत्सवाला बैल घेऊन ये, शिंगं रंगवून. म्हणजे याच्या घरावरून नांगर फिरवायचा, तोही याच्याच बैलांनी! काय म्हणावं या लोकांना?

जमीन खात्याच्या रक्षितबाबूंना तो भेटूनही आला होता.

"बाबू, आम्ही तुमच्या आधीचे. या उत्सवाच्या मैदानातच आमच्या आजीचं घर होतं."

"कागद दाखव."

"तेव्हा कुठला कागद?"

"मग नुसतं तोंड घेऊन कशाला आलास? पुस्तकात छापलंय, इथे उजाड माळ होता. तुम्ही मागाहून आलात, मजुरीला. मैदानाला तर पहिल्या दिवसापासून कुंपण आहे."

तरी उत्सवाच्या सकाळी तो बैल घेऊन आला. मैदानात तांदळाच्या पिठाची अल्पना काढलेली, पिवळ्या साड्यांतल्या मुली गात होत्या. पाहुणे होते कोलकात्याचे निवृत्त न्यायाधीश बागची. रीत ठरलेली: पाहुण्यांनी नांगराची मूठ धरायची, चुनकूने बैल पुढून ओढायचे, दहा पावलं झाली की शंख वाजतो आणि सगळे संदेश नावाची मिठाई खायला जातात. रक्षितबाबू भाषणात म्हणाले, "इथे काहीच नव्हतं. पहिला नांगर आपल्या संस्थापकांनी फिरवला." हे वाक्य चुनकू चाळीस वर्षं ऐकत आला होता. यंदा ते डोक्यात गेलं.

दहा पावलं झाली, शंख वाजला, पण चुनकू थांबला नाही. बागचींच्या हातातून मूठ सुटली, ती त्याने स्वतः धरली आणि अल्पना तुडवत बैल घातले थेट दोन ताडांच्या मध्ये. आजी सांगायची, ताडांच्या मधोमध चूल, चुलीशेजारी पाटा. कुंपणवाले आले तेव्हा पोरं उचलली, पाटा तिथेच राहिला.

"थांब रे गाढवा!" रक्षितबाबू धोतर सावरत मागे धावले.

तिसऱ्या फेरीला फाळ अडकला. चुनकूने हातांनी माती उपसली. आधी चुलीचे काळे दगड निघाले, मग मधोमध झिजलेला पाटा. त्यावरची माती त्याने तळहाताने पुसली.

"तूच पुरला असशील रात्री," रक्षितबाबू म्हणाले.

"शेजारच्या बाभळीचं जाड मूळ वरून आडवं गेलंय," बागची वाकून बघत म्हणाले. "हे एका रात्रीचं काम नव्हे."

रक्षितबाबू क्षणात पालटले. "मग तो आमचा. आमच्या जमिनीत सापडलेलं सगळं विद्यापीठाचं. संग्रहालयात ठेवू."

चुनकूने मूळ तोडून पाटा मांडीवर घेतला. "न्या. पण लिहून द्या. कुठे सापडला, किती खोल, सोबत काय होतं. आणि पहिल्या दिवसापासून इथे कुंपण आहे, दुसरं कुणी राहिलेलं नाही, तेही लिहा. उद्या मला कुणी चोर म्हणायला नको."

माणसं बघत होती, आणि रक्षितबाबूंना पाटा हातचा जाऊ द्यायचा नव्हता. त्यांनी तिथेच टेबलावर लिहिलं, कुंपणाचं वाक्य तर ठासून लिहिलं, खाली शिक्का मारला. साक्षीदार म्हणून बागचींनी कागद दोनदा वाचला, रक्षितबाबूंकडे एकदा पाहिलं आणि सही केली.

कागद कमरेला खोचून चुनकू उठला. "आता सांगा बाबू, तुमच्या कुंपणाच्या आधी या पाट्यावर वाटण कोण वाटत होतं?"

रक्षितबाबूंनी कागदासाठी हात पुढे केला. "राहू द्या," बागची म्हणाले. "त्यावर माझी सही आहे."

पाटा जीपमध्ये चढला. आपण आधीचे, याचा त्यांच्याच शिक्क्याचा कागद आता कमरेला होता; सतरा घरं कुणाच्या बापाला हलवता येणार नव्हती, हे चुनकूला कळत होतं. पण आजीचा पाटा बघायला यापुढे संग्रहालयाचं तिकीट काढावं लागणार, याने त्याचं रक्त उकळत होतं. त्याने बैलांच्या शिंगांवरच्या माळा ओरबाडून काढल्या आणि तिथेच टाकल्या.