डब्यातला डावा क्रँक

मी एका जुन्या सायकलचा डावा क्रँक बोलतोय. पेडल ज्याला बसतं, तो दांडा. माझे शब्द साधे आहेत आणि ते लिहून घेणाऱ्या सायकलवाल्याने शाळा लवकर सोडली. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर सांभाळून घ्या.

उजवा क्रँक आणि मी एकाच दिवशी घडलो. दोघांवर एकच छाप. पण मी जेमतेम महिनाभर फिरलो. मालक घरोघर टपाल वाटायचे. ते पडले आणि त्यांचा डावा गुडघा आखडला तो आखडलाच. मग लोहाराने चार बोटं आखूड दांडा घडवला आणि मी गेलो पत्र्याच्या डब्यात.

चाळीस वर्षं! बाहेर घंटी वाजली की जीव कासावीस व्हायचा. माझ्या जागी तो बुटका फिरतोय! झाकण उघडलं की वाटायचं, आली आपली वेळ. यायचे ते खिळे शोधायला.

परवा मालकांच्या मुलीने सायकल या सायकलवाल्याच्या दुकानात आणली. जुन्या सायकलींची फेरी होती आणि मालक स्वतः चालवणार होते. फेरीचे तपासनीस भिंग घेऊन आले. छाप, नंबर, रंगाखालचा रंग, सगळं पाहून त्यांनी बुटक्यावर बोट ठेवलं.

"हा उपरा. अस्सल नसेल तर सायकल बाद."

मुलीने धावत जाऊन घरून डबा आणला. छाप जुळली. "वा, कोरा करकरीत!" तपासनीस म्हणाले. मी नुसता फुगलो.

संध्याकाळी मला बसवून झाल्यावर मालक सीटवर बसले. उजवा पाय दाबला, मी वर आलो आणि त्यांचा डावा गुडघा तिथेच अडला. पुन्हा दाबला. पुन्हा अडला.

"बाबा, फेरी मी मारते. तुम्ही फोटोला उभे राहा."

"मग मलाच ठेव ना काचेच्या कपाटात. मीही अस्सलच आहे!"

मुलगी हसली. ते हसले नाहीत. हाताने पाय उचलून खाली उतरले.

बुटका बाकावर पडला होता. मालकांचा बूट घासून घासून तो आरशासारखा झालेला. माझ्या अंगावर एक ओरखडा नाही. अरे सायकलवाल्या, काढ मला. फक्त डब्याचं झाकण लावू नकोस, गुदमरायला होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने पिन ठोकून मला काढलं आणि बुटक्याला बसवलं. फेरीचा अर्ज घडी करून डुगडुगत्या बाकाखाली सरकवला. त्याला फोनवर बोलायची भीती वाटते, तरी त्याने फोन लावला.

"काका, फेरीचं नाही जमणार. पण सायकल तयार आहे. नुसती चालवायला या."

मग मला डब्यात घालून डबा खिडकीत ठेवला. झाकण उघडं.