खिडकीजवळची दातांची खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. पण माझ्यावर हौसेने बसलेला माणूस मी क्वचितच पाहिला आहे. बसणारा आधी माझे दोन्ही हात घट्ट धरतो आणि मग डोळे मिटतो. मी सरकारी दवाखान्यातली दातांची खुर्ची आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. ओतीव लोखंडाचा पाय, अंगावर फिकट हिरवा रंग, पाठीला काळं रेक्झिन आणि डोकं टेकायला दोन छोट्या गाद्या. माझा खरा रुबाब मात्र खालच्या तेलाच्या पंपात होता. पायाने दांडा दाबत राहिलं की बसलेला माणूस हळूहळू वर जाई, आणि दांडा उचलून धरला की मी सुस्कारा सोडत खाली येई. विजेशी माझं काही देणंघेणं नव्हतं.

दवाखान्यात मला डॉक्टरीणबाई लाभल्या. उंचीने बुटक्या, आवाजाने उंच. “उघडा तोंड. अजून. अहो, घरी भांडताना उघडता तेवढं तरी!” असं त्या म्हणाल्या की कळवळत आलेला माणूसही हसायचा, आणि तोंड आपोआप उघडायचं. तेव्हा दार रोज उघडं असे. बाहेरच्या बाकावर हमाल, शिक्षिका, शिंपी, पोस्टमन शेजारी शेजारी गाल धरून बसत. केसपेपरच्या किरकोळ पैशात सगळ्यांचं काम होई.

बाईंचा एक नियम होता. लहान मूल पहिल्यांदा आलं आणि दुखणं फार नसलं, तर त्या दिवशी त्याच्या तोंडाला हात लावायचा नाही. त्याला माझ्यावर बसवायचं आणि एकदा वर, एकदा खाली न्यायचं. “आज फक्त फेरी. दात उद्या.” दुसऱ्या दिवशी तेच मूल बापाला ओढत आणायचं.

अशीच एक दोन वेण्यांची मुलगी मला आठवते. तिला फेरी घेण्यापेक्षा द्यायचीच हौस जास्त. बाईंनी तिच्या वडिलांना माझ्यावर बसवलं आणि म्हणाल्या, “चढ दांड्यावर!” चिमुरडी आधी उजव्या पायाची चप्पल काढून दांड्यावर उभी राहिली, मग डावी चप्पल झटकून दुसराही पाय ठेवून उड्या मारू लागली. “बाबा, तुम्ही वर चाललात!” ती ओरडली. तिचा तो आवाज मी कितीतरी वर्षं जपून ठेवला आहे.

मग बाई निवृत्त झाल्या. शेवटच्या दिवशी त्यांनी माझ्या गाद्या स्वतः पुसल्या आणि दवाखान्यातल्या मावशींना सांगितलं, “हिला सांभाळा हो.” त्यांच्या जागी कुणी आलंच नाही. डॉक्टर नव्हते, पण विजेवर चालणारी नवी खुर्ची मात्र आली. मला बाहेर, व्हरांड्यातल्या खिडकीजवळ सरकवलं. पुढची दोन वर्षं तिच्यावर प्लॅस्टिक आणि माझ्यावर धूळ. लोक माझ्यावर पिशव्या, छत्र्या, जेवणाचे डबे ठेवत. मावशी जाता-येता फडकं फिरवत, तेवढाच जिव्हाळा.

अखेर एक तरुण डॉक्टर आले. पण तीन दवाखान्यांना मिळून ते एकटेच. आपल्याकडे फक्त गुरुवारी, आणि नंबराच्या बाराच चिठ्ठ्या. बाकीचे सहा दिवस दाराला कुलूप.

मध्ये एका गुरुवारी एक तरुण आई आपल्या सात वर्षांच्या लेकीला घेऊन आली. चिठ्ठ्या संपल्या होत्या.

“ताई, पुढच्या गुरुवारी लवकर या,” मावशी म्हणाल्या.

“मावशी, गेल्या गुरुवारीही हेच म्हणालात. म्हणून आज आठला आले.”

“मग सातला या. मी तरी काय करू? चिठ्ठ्या काही झाडाला लागत नाहीत.”

आई हसली नाही. “बाहेरच्या डॉक्टरांचा खर्च ऐकूनच परत आले हो. पोरगी एका बाजूने चावते, गार पाणी लागलं की ओरडते. आता तर जेवायलाच घाबरते.”

पिशव्या बाजूला करून तिने लेकीला माझ्यावर बसवलं आणि ती उघड्या दारातून आत बघत राहिली. तिची नजर बारीक होती. तिला दिसलं, की दाढ काढायची असली की डॉक्टर इंजेक्शन देतात, आणि मग गाल बधिर होईपर्यंत दहा मिनिटं सगळेच नुसते थांबतात. तिने खिडकीतून माझ्यावर पडलेलं ऊन पाहिलं. मग खाली दांड्याकडे पाहिलं. उजव्या पायाची चप्पल काढली.

मित्रांनो, मी तिला तेव्हा ओळखलं.

किती वर्षांत मला कुणी हलवलं नव्हतं. पहिल्यांदा मी नुसतीच कुरकुरले. तिने पुन्हा जोर लावला. मीही जीव एकवटला, आणि पोरगी वीतभर वर गेली. “आई!” ती किंचाळली. डॉक्टर बाहेर आले.

“अहो, काय चाललंय?”

“डॉक्टर, आतल्या काकांचा गाल बधिर व्हायला दहा मिनिटं आहेत. इथे उजेड आहे, खुर्ची वर येते. फक्त बघा. दुधाचाच दात आहे, पडेल, म्हणून मी थांबले होते.”

बाकावरचे आजोबा रुमालाआडून म्हणाले, “बघा हो पोरीचं. आतला गडी अजून बोबडा नाही झाला.”

डॉक्टर वाकले आणि वाकलेलेच राहिले. “हा दुधाचा नाही,” ते म्हणाले. “सहाव्या वर्षी सगळ्यात मागे येते, ती ही कायमची दाढ. एकही दात न पडता येते, म्हणून सगळे फसतात. ही गेली तर पुन्हा येणार नाही.”

आईने माझा हात घट्ट धरला. “काढावी लागेल?”

डॉक्टरांनी दाढ पुन्हा एकदा नीट तपासली. मग म्हणाले, “कीड दाढेच्या नसेपर्यंत पोचलेली नाही. वाचेल. आणखी उशीर केला असता तर सांगता आलं नसतं.”

चमच्यासारख्या छोट्या हत्याराने त्यांनी कीड खरवडून काढली. मध्येच आतल्या काकांची दाढ काढून आले. पुढच्याला इंजेक्शन दिलं आणि पुन्हा बाहेर येऊन पोरीच्या दाढेत पांढरं सिमेंट भरलं. दोन बधिर गालांच्या मधल्या वेळात एक दाढ वाचली. आता मधल्या वेळात माझ्यावरही रुग्ण बसतात, म्हणून गुरुवारी मावशी बाराऐवजी अठरा चिठ्ठ्या देतात. सहा दिवसांचं कुलूप मात्र अजून तसंच आहे. ते उघडणं माझ्या पंपाच्या ताकदीबाहेरचं.

त्या दिवशी जाताना पोरगी म्हणाली, “आई, आता तू बस. मी फेरी देते.”

“माझं नंतर,” आई म्हणाली. पण बोलताना तिचा हात डाव्या गालावर होता. सकाळपासून तो पुन्हा पुन्हा तिथेच जात होता, आणि तिच्या बारीक नजरेला तेवढंच दिसलं नव्हतं.

मित्रांनो, माझं रेक्झिन फाटलं तरी चालेल. पण आज घरी गेलात की आईला उजेडात बसवा आणि एकदा ‘आ’ करायला सांगा. ती ‘नंतर’ म्हणेल. तुम्ही ऐकू नका. तिला गुरुवारी घेऊन या. मी खिडकीजवळच आहे.