पाहुण्याचं नाव भोंग्यावर

सान होनोरियो गावात कुणाच्या घरी काय शिजतंय, हे वास यायच्या आधी तोमासाबाईंच्या भोंग्यावरून कळायचं. "एउसेबियाबाईंकडे ताजे तमाले आहेत, हिरव्या मिरचीचे. लवकर या, मागच्या वेळेसारखं संपल्यावर माझ्या दारात रडत येऊ नका." कुणाचं डुक्कर कापलं, कुणाची गाय चुकली, कुणाचा वाढदिवस आणि त्याचं खरं वय किती, सगळं बाईंच्या गच्चीवरून गावभर जायचं. बाईंच्या तोंडात तीळ भिजत नाही, असं लोक म्हणायचे. बाईंना त्याचा राग नव्हता. तीळ भिजवायला त्यांना भोंगा दिलेला नव्हता.

दरीच्या पलीकडे सांता प्रिस्का. तिथला भोंगा फिलोगोनियो नावाच्या घोगऱ्या गृहस्थाकडे. दोघांचं वैर जुनं होतं. बाईंनी सकाळी वाढदिवसाचं गाणं लावलं, की हा मुद्दाम बँड लावायचा. मग बाई आवाज वाढवायच्या. मग तो वाढवायचा. मधल्या दरीतल्या बकऱ्या तेवढ्या बहिऱ्या व्हायच्या राहिल्या होत्या.

बाईंच्या घरी त्यांची भाची मारीक्रूस राहायची. वय सतरा. आई लहानपणीच गेलेली, बाप सीमेपलीकडे उत्तरेत स्ट्रॉबेऱ्या खुडायला. पोरगी देखणी होती आणि ही बातमी तिला सगळ्यात आधी कळली होती. जेवणाच्या ताटलीतही ती एकदा चेहरा बघून घ्यायची. संध्याकाळी बाईंच्या अंगणात निम्मं गाव 'पालोमाचं नशीब' बघायला जमायचं. त्यातली पालोमा गरीब घरची, एक बंदूकवाला साहेब तिला उचलून नेतो, आणि पुढच्याच आठवड्यात तिच्या हातात सोन्याची कडी, दारात पोहायचा तलाव. त्या साहेबाला गोळी लागली तेव्हा तोमासाबाई इतक्या रडल्या होत्या, की त्यांच्या नवऱ्याच्या मयताला आलेल्या बायकांना जरा अपमानच वाटला.

त्या दिवशी दुपारी मारीक्रूसने न सांगता भांडी घासली. बाई दारातच थबकल्या.

"काय गं, ताप आलाय का?"

"काही नाही आत्या."

"भांडी घासलीस."

"घासली तर घासली. उद्या पहाटे मी ओआहाकाला जातेय. मैत्रिणीकडे."

"कुठल्या मैत्रिणीकडे? तुझ्या सगळ्या मैत्रिणी आत्ता माझ्या ओट्यावर बसून शेंगदाणे खातायत."

पोरगी भोंगेवालीचीच भाची. तिच्याही तोंडात तीळ किती वेळ टिकणार? पाच मिनिटांत सगळं बाहेर आलं. चौकातल्या खानावळीत राजधानीहून एक साहेब उतरलेत. ओस्वाल्दो ब्रांबिला. मालिकांसाठी नवे चेहरे शोधतात. जत्रेत त्यांनी हिला पाहिलं. उद्या स्वतःच्या गाडीतून नेणार. साहेब दिसतात कसे, गाडी कशी, तेही सांगून झालं.

"म्हणाले, असे डोळे मी आजवर पाहिले नाहीत. पण आत्या, कुणाला सांगायचं नाही हं. लोक जळतात, म्हणाले. तुलाही सांगू नको म्हणाले होते."

 पोरीला कुणीतरी हरभऱ्याच्या झाडावर चढवलंय हे तोमासाबाईंना दिसत होतं. पण खाली उतर म्हणून ओरडलं, तर ती वरच्या फांदीवर जाईल, हेही ठाऊक होतं. त्या सतरा वर्षांच्या असताना त्यांना एका ट्रंपेटवाल्याबरोबर जाऊ नको म्हणून सांगितलं होतं. त्या खिडकीतून गेल्या होत्या.

"छानच की," बाई म्हणाल्या. "जा."

मारीक्रूस बघतच राहिली. "खरंच?"

"अगं, एवढा मोठा माणूस आपल्या गावात आलाय आणि त्याचं साधं स्वागत नाही? गावाची रीत आहे. बिशप आले तेव्हा केलं, गाढवांचा डॉक्टर आला तेव्हा केलं."

"आत्या, नाही! आत्या, तुला माझ्या गळ्याची शपथ!"

पण बाई जिना चढल्यासुद्धा होत्या. मागोमाग मारीक्रूस, ती त्यांची शाल ओढतेय आणि बाई माइकवर फुंकर मारतायत.

"ऐका हो ऐका, सान होनोरियोकर! आपल्या गावात थोर पाहुणे आलेत. सेन्योर ओस्वाल्दो ब्रांबिला, राजधानीचे. पोरींना टीव्हीवर नेतात. साहेब फार लाजरे, कुणाला सांगू नका म्हणाले, म्हणून मी फक्त तुम्हालाच सांगतेय. चौकातल्या खानावळीत आहेत. ओळखायला सोपे. डाव्या कानाची पाळी फाटकी, अंगाला पुदिन्याचा वास, गाडी चंदेरी, मागच्या काचेवर विंचवाचं चित्र. आमच्या मारीक्रूसला उद्या पहाटे नेतायत. ज्यांना ज्यांना मुली आहेत त्यांनी भेटून घ्या. साहेबांच्या आई कोण, गाव कोणतं, लग्न कुठे झालं, सगळं विचारा, म्हणजे त्यांना परकं वाटणार नाही. रिकाम्या हाताने जाऊ नका."

मारीक्रूस गच्चीच्या कोपऱ्यात तोंड झाकून बसली. शरमेने तिचं पाणी पाणी झालं होतं. "मी आता कुणाला तोंड दाखवू? तू माझं नशीब घालवलंस!"

"एवढ्याशा गप्पांनी जाणारं नशीब उद्या घाटात तरी कसं टिकलं असतं?"

सान होनोरियोत पाहुणचाराला कुणी कमी पडत नाही. बघता बघता खानावळीपुढे गर्दी झाली. बायका गरम चॉकलेटच्या किटल्या घेऊन आल्या, एउसेबियाबाई तमाले घेऊन आल्या, एका आजोबांनी साहेबांसाठी गाणंच म्हणायला घेतलं. गच्चीवरून सगळं दिसत होतं. साहेब दारात उभे, एका हातात किटली, दुसऱ्या हातात कुणाचं तरी तान्हं पोर, आणि समोरून प्रश्नांवर प्रश्न. आईचं नाव सांगताना ते अडखळले. सासुरवाडी विचारल्यावर त्यांनी बाळ परत दिलं आणि गाडीची किल्ली शोधू लागले.

तेवढ्यात दरीपलीकडून खरखर ऐकू आली. बाईंना वाटलं, आता बँड लागणार. बँड लागला नाही.

"तोमासाबाई," फिलोगोनियोचा घोगरा आवाज आला. एवढ्या वर्षांत त्याने त्यांना नावाने हाक मारायची ही पहिलीच वेळ. "तो फाटक्या कानाचा माणूस. त्याला सोडू नका. आमच्याकडे रामिरो म्हणून आला होता. गाणारी पोरगी हवी म्हणाला होता. थांबा, एर्मेलिंदाला बोलायचंय."

मग एका बाईचा आवाज. माइकची सवय नसलेला, मध्येच फार मोठा, मध्येच पुसट.

"माझ्या रुफिनाला तो म्हणाला, असे डोळे मी आजवर पाहिले नाहीत. कुणाला सांगू नको म्हणाला. माझ्या पोरीने नाही सांगितलं. मला पण नाही सांगितलं. वर्ष होऊन गेलं, तिचा आवाज ऐकला नाही मी. पकडा त्याला, बायांनो."

 साहेब गाडीत चढले खरे, पण गावाच्या वेशीवर गावच्या काठीवाल्या शिपायांनी रस्त्यावरची आडवी साखळी आधीच वर ओढली होती. गाडी साखळीपुढे उभी राहिली आणि अख्खं गाव किटल्यांसकट तिच्याभोवती जमलं. शिपायांनी साहेबांना चावडीत नेऊन बसवलं आणि जिल्ह्याच्या पोलिसांना फोन लावला.

मारीक्रूस अजून कोपऱ्यातच होती.

"तेच शब्द, आत्या," ती म्हणाली. "एकसुद्धा शब्द बदलला नाही त्याने." आणि ती रडली. थोडी भीतीने रडली आणि थोडी त्या शब्दांसाठीच, कारण खोटे असले तरी तिला ते फार आवडले होते. बाईंनी तिचं डोकं मांडीवर घेतलं. 

ऊन उतरायच्या आत एर्मेलिंदा दरी चढून आली. पायांना लाल माती, धाप लागलेली. आधी ती चावडीत गेली. त्या माणसाने तिच्याकडे पाहिलंही नाही. मग ती तोमासाबाईंच्या जिन्याशी येऊन उभी राहिली.

"बाई, पोलीस त्याला विचारतील तेव्हा विचारतील. तुमचा भोंगा खालच्या हायवेपर्यंत जातो. माझ्या पोरीचं नाव घ्याल त्याच्यावर?"

"तुमच्या गावात नाही का घेतलं?"

"फिलोगोनियो घेतो म्हणत होता. मीच नको म्हटलं. लाज वाटली. लोक बोलायचे, ती काय हरवली नाही, ती गेली त्या पालोमासारखी, कुणाच्या तरी बंगल्यात मजा मारत असेल. मग मी गप्प बसले."

तोमासाबाईंनी मान खाली घातली. असं बोलणारे लोक कोण, हे त्यांना विचारायची गरज नव्हती. त्यांच्याच अंगणात, मालिकेच्या जाहिराती चालू असताना, रुफिनाचा विषय निघाला होता आणि सगळ्यात मोठ्याने हसलं कोण होतं ते त्यांना आठवत होतं. त्यांनी माइक उचलला. गावातली प्रत्येक चुकलेली गाय शोधून देणाऱ्या त्या बाईच्या घशातून आवाजच फुटेना.

मारीक्रूसने डोळे पुसले आणि त्यांच्या हातातून माइक घेतला.

"ऐका. सांता प्रिस्काची रुफिना, एर्मेलिंदाबाईंची मुलगी, वर्षापूर्वी हरवली. ती पळून गेलेली नाही. तिला फसवून नेलंय. हायवेच्या ढाब्यांवर, बस स्टँडवर, कुणीही तिला पाहिलं असेल तर येऊन सांगा." ती थांबली. एर्मेलिंदाकडे वळून हळूच म्हणाली, "मावशी, ओळखायची कशी तिला?"

"उंच नाही. लांब वेणी. भाजलं होतं लहानपणी, त्याचा मनगटावर डाग आहे. आणि हसली ना, की तोंडावर हात धरते. दात पुढे आहेत म्हणून."

मारीक्रूसने तसंच्या तसं सांगितलं, हात धरण्याचंसुद्धा. दरीपलीकडे फिलोगोनियो एकेक वाक्य ऐकून मागोमाग आपल्या भोंग्यावर म्हणत होता, म्हणजे पलीकडच्या डोंगरापर्यंत जावं. सांगून झाल्यावर मारीक्रूसने माइक बंद करायला हात पुढे केला.

एर्मेलिंदाने तिचं मनगट धरलं.

"थांब गं. वर्षभरात तिचं नाव कुणी मोठ्याने घेतलं नाही. अजून एकदा घे."

मारीक्रूसने घेतलं. मग तोमासाबाईंनी घेतलं. मग चौकातून कुणीतरी घेतलं.