एकटीला विचारलं तेव्हा

शिरूरच्या आठवडी बाजारात पथनाट्य करायची अवदसा आम्हाला कुठून आठवली, देव जाणे! मी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. मॅडमनी वर्गात एक फॉर्म वाटला होता. जवळच्या माणसाला जिवंतपणी किडनी द्याल का? चाळीसच्या चाळीस पोरींनी 'हो'वर खूण केली. हो म्हणायला काय जातंय! मॅडम खूश, म्हणून मग नाटक. भावाला किडनी देणारी बहीण झाले मी. टाळ्या काय, शिट्ट्या काय! दौंडकडच्या आमच्या गावाहून आई बाजाराला आली होती, तिनं सगळ्यांदेखत माझ्यावरून कडाकडा बोटं मोडली.

चार महिन्यांनी माझ्या दोन भावांतला धाकटा, बिरदेव, कारखान्यात चक्कर येऊन पडला. दोन्ही किडन्या निकामी. आठवड्यातून दोनदा पुण्याला डायलिसिस. आईला साखर, आबांना बीपी. थोरल्या माऊलीदादाचा रक्तगट जुळत होता, पण त्याचं नाव कुणी काढलंच नाही.

"कर्ता गडी हाय त्यो," आई म्हणाली. "आन् तू तर भर बाजारात कबूल झालीस की!"

"आई, ते नाटक होतं!"

"म्हंजी लोकाच्या भावाला देशील, सख्ख्याला न्हाई?"

मला विचारायच्या आधीच तिनं बिरोबाच्या देवळात माझ्या नावानं हळदीचा भंडारा उचलला होता. आमच्या धनगरांत भंडारा उचलून दिलेला शब्द फिरवत नाहीत. झालं! गावातल्या बाया माझ्या पाया पडायला लागल्या. बिरदेव माझ्याकडं बघायचाच नाही, बघितलं की त्याच्या डोळ्यांत पाणी. मला राग यायचा, सगळ्यांचाच. त्याच्यावर जीव आहे माझा, पण मला भीती वाटत होती. टेबलावर झोपायची, आणि पुढच्या सगळ्या आयुष्याची. सांगणार कुणाला? पुस्तकात सगळं वाचलेल्या मुलीला भ्यायची सोयच नव्हती.

पुण्याला डॉक्टरांनी मला एकटीलाच आत बोलावलं. दार लावून घेतलं.

"घरचे बाहेर आहेत. तुझी स्वतःची इच्छा आहे का?"

इतक्या महिन्यांत हे मला कुणी विचारलंच नव्हतं. मी ढसाढसा रडले आणि 'नाही' म्हणाले. किती हलकं वाटलं म्हणून सांगू!

"ठीक आहे," डॉक्टर म्हणाले. "तुझी किडनी चालत नाही, एवढंच सांगू आम्ही. कारण कुणाला कळणार नाही."

बाहेर येऊन त्यांनी आईला तसं सांगितलं. आई मटकन खाली बसली. बिरदेव मला म्हणाला, "जाऊ दे गं, तू तरी काय करशील." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आईनं पदरानं डोळे पुसले. मग ती जेवणाचा डबा घेऊन बसलेल्या माझ्या धाकट्या बहिणीकडं, हर्षदाकडं वळली. हर्षदाला अठरा पुरी होऊन महिना झाला होता.

"हिचा बी रगताचा गट त्योच हाय," आई म्हणाली. "देवाला काय, लेक म्हंजी लेक."

हर्षदा उठून माझ्याजवळ आली. डबा तसाच छातीशी धरला होता तिनं.

"ताई, तू नर्स हायेस. खरं सांग, देऊ का मी?"

नको म्हणाले असते, तर का नको ते सांगावं लागलं असतं. आई माझ्या तोंडाकडं बघत होती. बिरदेवही बघत होता.

"दे," मी म्हणाले. "काही होत नाही."