मडकं पाहून मागे सरकणारं फाटक

मुलांनो, डोळे मिटा आणि एक हिरवं लोखंडी फाटक पाहा. आमच्या सरकारी प्रयोगशाळेचं हे फाटक चालायचं. माणसं आली-गेली तर जागचं हलत नसे. पण आम्ही तयार केलेली वस्तू कुणी बाहेर नेऊ लागलं, की ते मागे सरकायचं.

मी तिथे अकरा वर्षं एक तोटीचं मडकं घडवत होतो. दात पिवळे करणारं बोअरचं पाणी त्यात ओतलं, की तोटीतून चांगलं होऊन यायचं. पण मडकं एकच होतं. घरोघरी पोचायचं तर कुणीतरी ते हजारांनी करून विकायला हवं. म्हणून शेवंताबाई कुंभारे आल्या. त्यांची स्वतःची भट्टी होती. सोबत नऊ वर्षांची लेक, रेवती. ती तोंडावर हात धरूनच बोलायची. तिच्या गावातली सगळीच मुलं तशी बोलायची.

करारावर सह्या झाल्या. मी कृतीचा कागद पुढे केला.

"कागदावरून माती समजत नाही जी," शेवंताबाई म्हणाल्या. "मडकं द्या. वाजवून पाहीन, मग तसंच करीन."

मी भरलेलं मडकं उचललं. आम्ही निघालो तसं फाटकही निघालं. पहारेकरी भोयरमामा स्टुलावर बसल्या बसल्या त्याच्याबरोबर गेले.

"मामा, धरा की त्याला!"

"सायेब, बैल असता तं धरला असता!"

आम्ही चालत राहिलो. बाभळी मागे पडल्या, पाण्याची टाकी मागे पडली. वळून पाहिलं, तर प्रयोगशाळा कपाटांसकट आमच्या मागोमाग येत होती. थोड्या वेळाने तिची भिंत माझ्या पाठीला लागली.

"पाच वाजता बंद होते बरं," भोयरमामा लांबून ओरडले. "मंग उद्या या."

"उद्या म्हणजे?" शेवंताबाईंनी विचारलं.

"मागच्या खेपेला उद्या सहा वर्षांनी आला होता," मी म्हणालो.

शेवंताबाईंनी लेकीकडे पाहिलं. रेवती मडक्यावरची चिठ्ठी वाचत होती: 'नमुना. वापरू नये.'

"आजोबा, हे पाणी कसं लागतं?"

मी आकडे सांगू लागलो.

"तसं नाही. प्यायला कसं लागतं?"

मी थांबलो. अकरा वर्षं आम्ही ते पाणी मोजलं होतं. प्यायलं कुणीच नव्हतं.

फाटकही थांबलं. पाच वाजायला चार मिनिटं होती.

रेवतीने चिठ्ठी सोलून काढली आणि फ्रॉकच्या खिशात ठेवली. "आजोबा, तोटी सोडा," ती म्हणाली. ओंजळीला दोन्ही हात लागतात, म्हणून तिने तोंडावरचा हात काढला. ती वाकून पोटभर प्यायली. मग तिने दुसरी ओंजळ भरली, पाणी सांडू न देता चालत गेली आणि ती फाटकापुढे धरली. या वेळी फाटक मागे सरकलं नाही.