वळशाची वाट

मूदीला वजनासाठी शस्त्रक्रिया करायचीच होती. पण कोणती, हे ठरेना. अख्ख्या कुवेतनं जठर कापून लहान करून घेतलेलं, आणि डॉक्टर तिला म्हणाले, "तुम्हाला आधीच जळजळ आहे, त्यानं ती वाढेल. आतड्याला वळसा देणारी बायपास करा." मलाच का वेगळी? शंकेचा किडा वळवळू लागला.

खरं सांगावं ते भावाच्या बायकोनं, दलाल नावाच्या वहिनीनं. ती वर्षभरात खजुराच्या झावळीसारखी सडपातळ झाली होती. पण नजर लागेल म्हणून तिचं एकच पालुपद, "काही नाही हो वन्सं, समुद्रकाठी चालते."

दुपारी मासेभाताचे दोन घास गेले, तोच दलालनं छाती दाबली आणि ओढणीआड गोळी चघळली.

"वहिनी, चालण्यानं एवढं जळजळतं?" मूदीनं हळूच विचारलं.

दलालनं सासूबाईंच्या, म्हणजे मूदीच्या आईच्या, खोलीकडे पाहिलं. "रात्री आडवं होऊ देत नाही," ती पुटपुटली. "तुम्हाला चालायचंच असेल, तर वळशाच्या वाटेनं जा."

मूदीची शंका फिटली. आई येऊन "एवढंच जेवलीस?" असं दलालला विचारायच्या आत तिनं वहिनीच्या ताटातला उरलेला भात आपल्या ताटात ओढून घेतला.